कृष्णधवल डिजिटल छायाचित्रमुद्रणातील शाया : टिकाऊपणाच्या तुलनेचा इतिहास

प्रस्तावना

छायाचित्रकलेचा इतिहास लिहिताना कॅमेरा, भिंग आणि छायाचित्रकार यांची चर्चा विस्ताराने होते. कागदावरचा काळा रंग कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न मात्र बहुधा तंत्रज्ञांवर सोपवला जातो. वस्तुतः संग्रहालयात, ग्रंथालयात किंवा घराच्या भिंतीवर लावलेले छायाचित्र किती काळ टिकणार, हे मोठ्या प्रमाणात त्या काळ्या रंगावरच अवलंबून असते. चांदीच्या क्षारांवर आधारलेल्या मुद्रणाची जागा संगणक आणि इंकजेट मुद्रणयंत्र घेऊ लागले, तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहिला. २००४ साली इल्फर्ड या कंपनीचा ब्रिटनमधील कारभार आर्थिक अडचणींमुळे प्रशासकांच्या हाती गेला. २००५ साली आग्फाफोटोने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात कोडॅकने कृष्णधवल छायाचित्र-कागदाचे उत्पादन बंद करीत असल्याची घोषणा केली. ज्याला आपल्याकडील छायाचित्रकार सरसकट 'ब्रोमाइड' म्हणत, त्या कागदाचा शंभर वर्षांहून जुना आधार अशा रीतीने खिळखिळा होत असताना शाईच्या डब्यांकडे गांभीर्याने पाहणे भागच होते.

प्रस्तुत निबंधात साधारणतः १९९० ते २०११ या कालखंडात कृष्णधवल मुद्रणासाठी वापरल्या गेलेल्या शायांची तुलना कशी झाली आणि त्या तुलनेचे मापदंड कोणी ठरवले, याचा मागोवा घेतला आहे. निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे : शाईतील कोळसा टिकतो, परंतु पातळ थरात तो तपकिरी दिसतो. डोळ्यांना हवा असलेला निव्वळ राखी रंग मिळवायचा तर त्यात अन्य रंग मिसळावे लागतात आणि प्रथम उडतात ते हे मिसळलेले रंगच. या काळातील बहुतेक सुधारणा म्हणजे याच एका देवघेवीचे निरनिराळे हिशेब होत.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकातील फिक्या प्रती

छायाचित्र फिके पडण्याची तक्रार डिजिटल युगात जन्मलेली नाही. १८३९ साली छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि पुढच्या पंधरा वर्षांतच कागदावरील चांदीच्या प्रती पिवळट होऊ लागल्याचे लोकांच्या लक्षात आले. १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने फिकटपणाची कारणे शोधण्यासाठी एक समिती नेमली. तिच्या खर्चासाठी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी ५० पौंडांची देणगी दिली. (मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती याच्या आदल्याच वर्षी, १८५४ साली.) प्रत नीट न धुतल्याने कागदात राहिलेला हायपो, दमटपणा आणि शहराच्या हवेतील गंधकयुक्त वायू ही कारणे समितीने पुढे केली. यांतील शेवटचे कारण वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण दीडशे वर्षांनी तेच वेगळ्या रूपात परत आले.

या संकटावरचा एक उपाय म्हणजे चांदी पूर्णपणे टाळणे. फ्रान्समध्ये आल्फाँस प्वातव्हँ याने १८५५ साली जिलेटिन, डायक्रोमेट आणि कोळशाची पूड यांच्या साहाय्याने प्रतिमा उमटवण्याचे तत्त्व मांडले. १८६४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान याने त्यात व्यवहारोपयोगी सुधारणा करून 'कार्बन' प्रक्रियेचे एकस्व घेतले. १८७३ साली विल्यम विलिस याने प्लॅटिनमवर आधारित प्रक्रियेचे एकस्व मिळवले. चांदीची प्रत स्वस्त व सोयीची म्हणून बाजारात टिकली, परंतु टिकाऊपणाचा आदर्श म्हणून कोळसा आणि प्लॅटिनम यांचीच नावे घेतली जात राहिली. डिजिटल शायांच्या जाहिरातींत 'कार्बन' आणि 'प्लॅटिनम' हे शब्द वारंवार आढळतात, त्यामागे हा वारसा आहे.

आयरिस आणि पाण्यात विरघळणारा काळा

कलामुद्रणात इंकजेटचा प्रवेश झाला तो आयरिस या यंत्राद्वारे. हे यंत्र मुळात छापखान्यातील प्रूफे काढण्यासाठी तयार झाले होते. फिरत्या दंडगोलावर गुंडाळलेल्या कागदावर ते शाईचे अतिसूक्ष्म थेंब अखंड धारेने सोडत असे. प्रूफ काही दिवस टिकले तरी पुरे, त्यामुळे त्यातील शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या, म्हणजे 'डाय' प्रकारच्या होत्या. इंग्रज गायक आणि छायाचित्रकार ग्रॅहम नॅश यांनी टोकियोतील १९९० च्या प्रदर्शनासाठी आपली कृष्णधवल व्यक्तिचित्रे अशा यंत्रावर मोठ्या आकारात छापून घेतली आणि १९९१ साली मॅक होल्बर्ट यांच्यासह कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे 'नॅश एडिशन्स' ही मुद्रणशाळा सुरू केली. तेथील यंत्र २००५ साली अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाकडे देण्यात आले.

आयरिसच्या प्रती दिसायला अत्यंत मोहक होत्या. जलरंगाच्या जाड कागदावर त्या जवळजवळ कोरीव मुद्रणाचा भास देत. पण ओले बोट लागले तरी शाई पसरे, आणि प्रकाशात आरंभीच्या शाया काही वर्षांतच फिक्या पडत. कृष्णधवल चित्रात हा दोष अधिक उघडा पडे. रंगीत चित्रातील निळा थोडा उडाला तर पाहणाऱ्याला ते चटकन जाणवत नाही. राखी भागातील निळा उडाला, तर साऱ्या चित्रावर तांबूस किंवा पिवळी झाक चढते. कारण राखी रंगातील बारीकसा झुकावही मानवी डोळा तात्काळ ओळखतो.

इ. स. २००० : दोन यंत्रे आणि दोन अपेक्षाभंग

एप्सन कंपनीने १९९४ साली ७२० डीपीआय क्षमतेचे 'स्टायलस कलर' हे यंत्र बाजारात आणल्यानंतर छायाचित्रमुद्रण टेबलावर आले. एप्सनच्या मुद्रणशीर्षात शाई तापवली जात नाही. विद्युतदाबाने आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या साहाय्याने थेंब ढकलला जातो. या रचनेमुळे मूळ उत्पादकाखेरीज इतरांनी बनवलेल्या शायाही त्यात चालू शकत. पुढील सारा इतिहास या एका तांत्रिक योगायोगावर उभा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२००० साली या कंपनीने आणलेली दोन प्रकारची यंत्रे शाईच्या तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. पहिला प्रकार ८७० व १२७० या क्रमांकांचा. त्यांतील सहा डाय शाया योग्य कागदावर प्रकाशात सुमारे १० वर्षे टिकतील, असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात काही ठिकाणी, विशेषतः चकाकीच्या कागदावरील उघड्या प्रती, काही आठवड्यांतच नारिंगी होऊ लागल्या. दोष प्रकाशाचा नव्हता. हवेतील ओझोन कागदाच्या सच्छिद्र थरात शिरून निळसर शाई नष्ट करीत होता. काचेच्या चौकटीत बसवलेल्या प्रती तुलनेने सुरक्षित राहिल्या. चाचणी घेतली होती प्रकाशाची, आणि हल्ला केला हवेने. १८५५ च्या समितीने हवेतील वायूंकडे बोट दाखवलेले असूनही हा घटक मोजावा, असे उद्योगाला आधी सुचले नाही, याचे आश्चर्य वाटते.

दुसरे यंत्र म्हणजे '२०००पी'. त्यातील शाया 'पिगमेंट' प्रकारच्या, म्हणजे द्रवात न विरघळता तरंगणाऱ्या घन रंगकणांच्या होत्या. त्यांचा टिकाऊपणा २०० वर्षांपर्यंत असल्याचा दावा होता. अडचण निराळीच निघाली. घरातील पिवळ्या दिव्याखाली राखी दिसणारी प्रत खिडकीच्या उजेडात हिरवट दिसे. यास 'मेटामेरिझम' असे नाव रूढ झाले. राखी छटा निळसर, किरमिजी व पिवळ्या शाईच्या ठिपक्यांच्या मिश्रणातून बनत असल्याने प्रकाशस्रोत बदलला की मिश्रणाचा तोल बिघडे. रंगीत चित्रांत हे खपून जाई, कृष्णधवलात मुळीच नाही. ज्यांनी डार्करूममध्ये उभे आयुष्य घालवले होते, अशा छायाचित्रकारांना दोनशे वर्षे टिकणाऱ्या हिरव्या प्रतीचे आकर्षण नव्हते.

चार कप्प्यांत चार राखी

यावरचा तोडगा यंत्रनिर्मात्यांकडून न येता मुद्रणशाळेतून आला. अमेरिकेतील जॉन कोन हे मूळचे हस्तमुद्रक. त्यांनी १९९० च्या दशकात आयरिस यंत्रावरच रंगीत शायांच्या जागी राखी शाया घालण्याचे प्रयोग केले आणि २००० साली एप्सन यंत्रांसाठी 'पिएझोग्राफी' ही शाया व संगणकप्रणाली यांची जोडी बाजारात आणली. कल्पना साधी होती. यंत्रात चार कप्पे असतील, तर त्यांत काळा, निळसर, किरमिजी व पिवळा न भरता काळा आणि उत्तरोत्तर फिक्या होत जाणाऱ्या तीन राखी शाया भराव्यात. रंगच नसल्यामुळे दिवा बदलला तरी प्रत हिरवी होण्याचा प्रश्न बराचसा मिटतो.

याचा दुसरा लाभ अधिक मोलाचा होता. एकाच काळ्या शाईने फिकट आकाश छापायचे तर ठिपके विरळ टाकावे लागतात आणि ते डोळ्यांना वाळूसारखे दिसतात. फिकी राखी शाई असेल, तर तोच भाग दाट ठिपक्यांनी भरता येतो आणि सलग दिसतो. पुढे कोन यांनी सात छटांचा संच तयार केला. रॉय हॅरिंग्टन यांच्या 'क्वाडटोनरिप' या अल्पमोलाच्या प्रणालीने प्रत्येक शाई कोणत्या घनतेला किती सोडायची, हे वापरणाऱ्याच्या हाती दिले. कॅलिफोर्नियातील छायाचित्रकार पॉल रोआर्क यांनी तर एकाच कार्बन शाईत रंगहीन द्राव मिसळून फिक्या शाया घरी कशा बनवाव्यात, याची सूत्रे खुली ठेवली. कोन यांचा मार्ग तयार संच विकण्याचा, रोआर्क यांचा कृती वाटण्याचा. प्रस्तुत लेखकाच्या मते टिकाऊपणाच्या अभ्यासाला दुसऱ्या मार्गाचा उपयोग अधिक झाला, कारण शाईत नेमके काय आहे, हे त्यात लपलेले नव्हते.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागे. एक यंत्र केवळ कृष्णधवलासाठी अडकून पडे. घन कण तळाशी बसत, नॉझल तुंबत, आणि पावसाळ्याचे दोन महिने यंत्र बंद राहिले की साफसफाईतच निम्मी शाई संपे.

काळा तपकिरी का दिसतो

येथे थोडे थांबून कोळशाच्या स्वभावाचा विचार करणे आवश्यक आहे. शुद्ध कार्बनची शाई गडद भागात काळी दिसते, परंतु पातळ केली की तिच्यात उबदार तपकिरी छटा उमटते. याचे कारण कणांच्या आकारात आहे. कार्बनचे कण जितके बारीक, तितका त्यांचा पातळ थर तपकिरीकडे झुकतो. कण जाडसर असतील तर तो निळसरपणाकडे जातो. इंकजेटचे छिद्र केसाहूनही बारीक असल्याने कण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावे लागतात, अन्यथा ते छिद्रात अडकतात. म्हणजे यंत्राची गरजच शाईला तपकिरी बनवते.

हा तपकिरीपणा ज्यांना आवडला त्यांचे काम सोपे होते. जुन्या कार्बन व प्लॅटिनम प्रतींशी त्याचे साम्यही होते. पण विसाव्या शतकातील सिल्व्हर जिलेटिन प्रतींनी जगाची नजर थंड, निव्वळ राखी रंगाला सरावली होती. ती छटा मिळवण्यासाठी कार्बनच्या शाईत निळसर व किरमिजी पिगमेंट मिसळावे लागले. प्रकाशात कार्बन जवळपास तसाच राहतो, मिसळलेले रंग हळूहळू उडतात आणि प्रत मूळच्या तपकिरी स्वभावाकडे परतते. कोणता मिश्रणरंग निवडला, यावर ही गती कमीअधिक होते. ती शून्य होत नाही.

आपल्याकडील पोथ्यांची शाई हे या संदर्भातील एक जुने उदाहरण. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी यांपासून घोटून केलेली ही शाई रचनेच्या दृष्टीने कार्बन पिगमेंट शाईची पूर्वजच आहे : कोळशाचे कण, त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि वाहून नेणारे पाणी. शतकांपूर्वीच्या हस्तलिखितांतील अक्षरे आजही काळी आहेत. मात्र ही तुलना फार ताणू नये. पोथी बासनात गुंडाळलेली असते, तिच्यावर दिवसाचे बारा तास दिवा जळत नाही. शिवाय अक्षराला पूर्ण काळा लागतो, फिका राखी नव्हे. तपकिरीपणाचा प्रश्न लेखनिकाला कधी पडलाच नाही.

के-३ आणि त्यानंतर

यंत्रनिर्मात्यांनी स्वतंत्र कारागिरांकडून धडा घेतला, असे कालक्रमावरून दिसते. २००२ साली एप्सनच्या २२०० (अमेरिकेबाहेर २१००) या यंत्रात 'अल्ट्राक्रोम' पिगमेंट शायांसोबत एक फिकी काळी शाई आली. २००३ साली एचपीने डाय प्रकारच्या राखी शायांचे कार्ट्रिज आपल्या फोटोस्मार्ट ७९६० यंत्रासाठी दिले. २००५ साली एप्सनचा 'अल्ट्राक्रोम के-३' संच आला. त्यातील तीन हा आकडा काळ्याच्या तीन घनता सुचवतो. आर-२४०० आणि मोठ्या आकाराच्या ४८००, ७८००, ९८०० या यंत्रांत कृष्णधवलासाठी निराळी मुद्रणपद्धती होती. तिच्यात प्रतिमेचा भार तीन काळ्या शाया उचलत आणि रंगीत शाया केवळ छटा सावरण्यापुरत्या अल्प प्रमाणात पडत. हेन्री विल्हेल्म यांच्या प्रयोगशाळेच्या चाचण्यांत या पद्धतीच्या प्रती त्याच शायांच्या रंगीत प्रतींहून अधिक टिकाऊ ठरल्या. रंग जितका कमी, तितके उडण्यासारखे कमी.

२००६ साली जाहीर झालेल्या एचपीच्या झेड-३१०० यंत्रात बारा शायांपैकी चार काळ्या-राखी होत्या, आणि रंगीत शाईचा आधार न घेता राखी प्रत काढण्याची सोय होती. २०११ साली कॅननच्या पिक्स्मा प्रो-१ मध्ये बारांपैकी पाच एकरंगी होत्या. दहा वर्षांपूर्वी जे काम सिरिंजने कार्ट्रिज भरणारे हौशी लोक करीत, ते आता दुकानात तयार मिळू लागले.

वर्षे कशी मोजतात

'१०० वर्षे टिकते' या विधानामागे प्रत्यक्षात कोणी शंभर वर्षे थांबलेले नसते. प्रखर दिव्याखाली काही महिने प्रत ठेवून तिच्यावर पडलेला एकूण प्रकाश मोजतात व तो घरातील गृहीत प्रकाशाने भागतात. या क्षेत्रातील सर्वात परिचित नाव विल्हेल्म यांचे. १९९३ साली कॅरोल ब्राउअर यांच्या साहाय्याने लिहिलेला रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावरील त्यांचा ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. त्यांच्या प्रयोगशाळेने दिवसाला १२ तास ४५० लक्स हे प्रमाण धरले. कोडॅकने १२० लक्स धरले. हा फरक केवढा आहे, हे साध्या गणिताने कळते. ४५० लक्सने वर्षाला सुमारे १९.७ लाख लक्स-तास होतात, १२० लक्सने सुमारे ५.३ लाख. समजा, एखादी प्रत १० कोटी लक्स-तासांनंतर लक्षणीय बिघडते. पहिल्या हिशेबाने ती ५१ वर्षे टिकली, दुसऱ्याने १९०. प्रत तीच, शाई तीच.

म्हणून २००० च्या दशकात एका कंपनीच्या डब्यावरील वर्षे आणि दुसऱ्या कंपनीच्या डब्यावरील वर्षे यांची तुलना करणे निरर्थक होते, आणि ग्राहक नेमके तेच करीत होते. अमेरिकेतील आर्डेनबर्ग इमेजिंग अँड आर्काइव्हज या संस्थेचे मार्क मॅकॉर्मिक-गुडहार्ट यांनी यावर सोज्ज्वळ मार्ग काढला : निष्कर्ष वर्षांत सांगायचाच नाही. प्रत किती मेगालक्स-तासांपर्यंत जवळजवळ अबाधित राहते, एवढेच नोंदवायचे. भागाकार ज्याने त्याने आपल्या भिंतीवरील उजेडानुसार करावा. कृष्णधवलाच्या दृष्टीने त्यांच्या पद्धतीचे महत्त्व असे की, घनता किती घटली याखेरीज छटा किती सरकली याचाही विचार तिच्यात होता. एक तृतीयांश घनता जाईपर्यंत प्रत चांगली मानणारा निकष राखी चित्राच्या कामाचा नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी ते चित्र डोळ्यांना विटलेले दिसते.

दमट हवा, कागद आणि ओळख

वरील चाचण्या साधारणतः ५० ते ६० टक्के आर्द्रतेत आणि २३-२४ अंश सेल्सिअस तापमानात होतात. मुंबई, कोकण किंवा गोव्यात जुलै महिन्यातील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाणे नित्याचे आहे. दमट हवेत डाय शाया कागदाच्या थरात पसरतात, त्यामुळे बारकावे पुसट होतात आणि छटा बदलतात. पिगमेंटचे घन कण सहसा जागा सोडत नाहीत. किनारपट्टीवरील संस्थेने शाई निवडताना प्रकाशाच्या आकड्यांइतकेच या गुणाला महत्त्व द्यावयास हवे. अर्थात शाई टिकली तरी बुरशी कागद खाते, ती बाब निराळी.

कागदाचाही हिशेब वेगळा मांडता येत नाही. अधिक पांढरे दिसण्यासाठी अनेक कागदांत अतिनील प्रकाशात चमकणारी द्रव्ये घालतात. काही वर्षांत ती निकामी झाली की कागद पिवळसर होतो आणि अविचल कार्बनवरही तपकिरीपणाचा आरोप येतो. शिवाय एकच शाई बिनचकाकीच्या सुती कागदावर साधारण १.६ ते १.७ घनतेपर्यंत काळी होते, तर चकाकीच्या कागदावर योग्य काळी शाई २.२ च्याही पुढे जाते. एप्सनने दोन्हींसाठी दोन वेगळ्या काळ्या शाया ठेवल्या त्या यामुळेच.

आता या काळातील प्रती संग्रहालयांकडे येऊ लागल्या आहेत, आणि त्यांतील अनेकींवर 'इंकजेट' याखेरीज नोंद नसते. तीस-चाळीस पट मोठे करून दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यास के-३ पद्धतीच्या प्रतीत राखी ठिपक्यांमध्ये विखुरलेले निळसर व किरमिजी कण ओळखता येतात. शुद्ध कार्बनच्या प्रतीत ते नसतात. परंतु ज्या राखी शाईत रंग डब्यातच मिसळलेला होता, तिचे ठिपकेही भिंगाखाली निव्वळ राखीच दिसतात. तिच्यात आणि थंड छटेच्या कागदावरील कार्बनमध्ये भेद करणे भिंगाला शक्य होत नाही. तो भेद प्रतीच्या मागे पेन्सिलने लिहिलेल्या शाईच्या, कागदाच्या आणि प्रणालीच्या नावावरूनच कळतो, आणि प्रदर्शनात तिच्यावर किती प्रकाश पडू द्यायचा, हे त्यावरून ठरते.